शहरात रोबो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आणताना या चुका टाळा

गोव्यात महानगरपालिका एकच, ती पणजीची. म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा येथे नगरपालिका आहेत, आणि अशा लहान संस्थांत रस्ते, गटारे, दिवे यांची जबाबदारी पुष्कळदा त्याच मोजक्या अभियंत्यांवर असते. म्हणूनच येथे चुकीच्या यंत्राची किंमत मोठ्या शहरापेक्षा जड पडते. बहुतेक फसलेल्या योजनांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते: यंत्र आधी ठरते आणि त्याने करायचे काम नंतर शोधले जाते.

काम न ठरवता खरेदी

गोव्यातीलच एक उदाहरण उलट क्रमाचे आहे. किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवणाऱ्या दृष्टी मरीन या संस्थेने 2023 मध्ये ‘ऑरस’ हा गस्त घालणारा स्वयंचलित रोबो आणि ‘ट्रायटन’ ही कॅमेऱ्यांवर आधारित देखरेख यंत्रणा आणली. पोहण्यास मनाई असलेल्या पट्ट्यात कोणी उतरले तर जवळच्या जीवरक्षकाला ताबडतोब कळवणे, हे ‘ट्रायटन’चे काम नेमून दिलेले आहे, पाण्यात उडी घेणारा माणूसच राहतो. पालिकेच्या प्रस्तावातही पहिले वाक्य असेच असावे: कोणती तक्रार, कोणता धोका किंवा कोणता विलंब कमी करायचा आहे आणि आज तो किती आहे. हा आजचा आकडा नोंदलेला नसेल, तर वर्षभराने यंत्राचा उपयोग झाला की नाही हे सांगणे कोणालाच शक्य होत नाही.

रोबो आला, पण माणूस खाली उतरतोच आहे

मलनिस्सारण वाहिन्यांची सफाई हे माझ्या मते कोणत्याही शहराने सर्वांत आधी यंत्राकडे सोपवायचे काम आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे बेकायदा ठरवले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपयांवर नेली. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सने बनवलेला ‘बँडिकूट’ रोबो 2018 मध्ये त्याच शहरात कामाला लागला, म्हणजे साधन देशातच उपलब्ध आहे.

तरीही यंत्र गोदामात धूळ खात पडलेले आणि ठेकेदाराचा कामगार चेंबरमध्ये उतरलेला, असे दृश्य दिसले तर आधी ठेक्याची कलमे वाचावीत. पैसे साफ झालेल्या चेंबरच्या संख्येवर मिळत असतील, तर ठेकेदार सर्वांत जलद मार्ग निवडणार आणि तो मार्ग माणसाचा जीव धोक्यात घालणारा असेल. माणूस आत उतरल्यास देयक रोखले जाईल, अशी अट ठेक्यात हवीच. त्यानंतर यंत्र कोणाच्या ताब्यात आहे आणि ते चालवायला कोण शिकले आहे, हे पाहावे. चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगारालाच चालक म्हणून शिकवले आणि त्या पदाचा पगार दिला, तर त्याचा रोजगारही टिकतो आणि वाहिनी कुठे तुंबते याचे त्याचे ज्ञानही वाया जात नाही. या प्रशिक्षणाविना यंत्र आणणे हा त्या माणसावर अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते.

उरलेल्या अडचणी साध्या असतात, पण घोडे तिथेच अडते: झाकणे डांबराखाली गेलेली, चेंबरचे तोंड यंत्राच्या मापाचे नाही, किंवा फोंतैन्यसारख्या जुन्या वस्तीच्या गल्लीत यंत्र वाहणारे वाहन वळत नाही. ही मोजमापे निविदेपूर्वी घ्यावीत.

जानेवारीतील चाचणीवर विश्वास

कोरड्या हवेत प्रात्यक्षिक उत्तम होते, टाळ्या पडतात आणि स्वीकृतीपत्रावर सही होते. गोव्यातील खरी परीक्षा जूनपासून सप्टेंबरपर्यंत असते. खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा पडदा येतो आणि वीज जाते. म्हणून शेवटचा हप्ता एक पूर्ण पावसाळा पार पडल्यावरच द्यावा. दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल आणि कोणते सुटे भाग गोव्यातच ठेवले जातील, हे करारात लिहावे. यंत्राची किंमत अंदाजपत्रकात दिसते, पण देखभालीचे शीर्ष रिकामे राहते, आणि दुसऱ्या वर्षी यंत्र बंद पडण्याचे हे फार मोठे कारण आहे. निविदेत खरेदीच्या दराऐवजी पाच वर्षांचा एकूण खर्च तोलावा.

यंत्राचा निर्णय अंतिम मानणे

पणजीजवळच्या मेरशीच्या चौकात 2023 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी वाहतूक यंत्रणा बसली. नियमभंग टिपणाऱ्या अशा कोणत्याही यंत्रणेत दंडाची सूचना जाण्यापूर्वी चित्र माणसाने पाहिले पाहिजे आणि चुकीच्या सूचनेविरुद्ध नागरिकाला सहज दाद मागता आली पाहिजे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहराने अनुदानातील गैरप्रकार शोधण्यासाठी गुणांकन प्रणाली वापरली होती, तिचा वापर 2021 मध्ये थांबवावा लागला. याउलट ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी यांनी 2020 मध्ये आपण कोणत्या प्रणाली कशासाठी वापरतो याची नोंदवही लोकांसाठी खुली केली. पणजीने असे एक पान प्रसिद्ध करायला फारसा खर्च येणार नाही. चित्रफिती आणि नोंदी पालिकेच्या मालकीच्या राहतील, पुरवठादाराच्या नव्हे, हे 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डोळ्यांसमोर ठेवून करारातच लिहून घ्यावे.

भाषा विसरणे

तक्रार ऐकणारी प्रणाली केवळ इंग्रजी आणि हिंदीत चालली, तर ती गोव्यात चालली असे म्हणता येणार नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामात मराठीलाही स्थान आहे. शिवाय दक्षिण गोव्यातील सासष्टीची कोकणी आणि उत्तरेकडच्या पेडण्याची बोली कानाला वेगळी लागते आणि अनेक जण कोकणी रोमी (रोमन) लिपीत लिहितात. चाचणी या सर्व लोकांच्या आवाजावर आणि लेखनावर व्हावी. उत्तर येत नसेल तेव्हा फोन माणसाकडे जाण्याची सोय हवी.

कचऱ्याबाबत एवढेच सांगतो की पणजीने घरोघरी वर्गीकरणाची जी शिस्त लावली आणि पुढे 16 प्रकारांपर्यंत नेली, तिच्या जागी छाननी करणारा रोबो येऊ शकत नाही. ओला-सुका एकत्र आला, तर कॅमेऱ्यासमोर फक्त चिखल येतो. ड्रोनसाठी दाबोळीच्या नौदल तळामुळे बराच भाग निर्बंधाखाली येतो, तेव्हा ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा खरेदीपूर्वी उघडावा.

अंत नसलेला प्रयोग

प्रयोग सुरू करतानाच तो कोणत्या तारखेला, कोणत्या आकड्यावर थांबवायचा किंवा वाढवायचा हे लेखी ठरवावे आणि निकाल प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करावा. एकेकट्या पालिकेला परवडत नसेल, तर दोन-तीन पालिकांनी मिळून एक यंत्र घ्यावे. मात्र इंधन, चालकाचा पगार आणि मे महिन्यात गटारे साफ करायची घाई असते तेव्हाचे वेळापत्रक आधी ठरलेले असावे, कारण त्या आठवड्यांत यंत्र प्रत्येकालाच हवे असते.