मणी नंतर बघू, आधी दोरा बघा: घरी माळा आणि ब्रेसलेट करायची म्हणजे

गेल्या चवथीची गोष्ट. आरती संपत आलेली, लोटांगणाच्या वेळी सगळे आपापल्या जागी गोल फिरतायत, आणि भाचीच्या हातातलं ब्रेसलेट फट्‌कन तुटलं. मणी टणाटण उडाले, समईखाली, चौरंगाखाली, कोणाच्या पायाखाली, आणि ती सगळ्या घरासमोर म्हणते, "मावशे, तू केलेलं तुटलं गो!" २२ मणी होते. २१ त्याच दिवशी मिळाले, बाविसावा दुसऱ्या दिवशी गणपती विसर्जनाला उचलला तेव्हा चौरंगाच्या फटीत सापडला.

चूक माझीच होती. इलॅस्टिकला गाठ मारून वर तो झटपट चिकटणारा गोंद एक थेंब सोडलेला, म्हटलं आता हलायची नाही. हलली नाहीच, पण त्या गोंदाने इलॅस्टिक कडक होतं, कडक झालं की ताण पडल्यावर ताणत नाही, काडीसारखं मोडतं. तेव्हापासून कोणीही विचारलं की माळा कशा करायच्या तर मी मण्यांबद्दल बोलायच्या आधी दोऱ्याबद्दल आणि गाठीबद्दल बोलते. आपण सगळे बाजारात जाऊन रंग बघून मणी उचलतो आणि दोरा दुकानदार देईल तो घेतो, तिथेच घोळ होतो.

तर दोरा. चार प्रकार माहीत असले की घरच्या कामाला पुरे.

इलॅस्टिक, म्हणजे नुसतं हातात सरकवायच्या ब्रेसलेटसाठी. ६ ते ८ मिमीच्या मण्यांना ०.७ किंवा ०.८ मिमीचं चालतं, भोक मोठं असेल तर १ मिमी. गळ्यातल्या माळेला इलॅस्टिक वापरू नका, वजनाने लोंबत जातं. दुसरी गिअर वायर, आत बारीक स्टीलच्या तारा आणि वरून नायलॉनचं कोटिंग, ही गळ्यातल्या माळेला सगळ्यात भरवशाची, काचेचे, दगडाचे जड मणी हिलाच. तिसरा रेशमी किंवा नायलॉनचा पीळदार दोरा, मोत्यांसाठी आणि गाठी मारायच्या माळांसाठी. आणि चौथा आपला तंगूस, मासे पकडायचा. तो गोव्यात कुठेही मिळतो, स्वस्त आहे, सुईशिवाय मण्यात शिरतो म्हणून पोरांना शिकवायला मस्त, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते आणि वर्ष-दोन वर्षांनी कडकडीत होऊन तुटतो. प्रॅक्टिसला घ्या, कोणाला भेट द्यायच्या वस्तूत नको.

मण्यांचं म्हणाल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरा, फोंड्यात मडगावात इमिटेशनच्या दुकानात विचारा, जत्रेच्या फेरीत तर ढीग असतो. सीझनमध्ये हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात नुसतं बघायला जा, रंगांच्या जोड्या कशा लावतात ते डोक्यात भरून घ्यायला, खरेदी दुसरीकडे केली तरी चालेल. बारीक मणी नंबरावर मिळतात आणि तिथे उलटा हिशोब आहे: नंबर मोठा तर मणी लहान. ११ नंबर साधारण २ मिमी, ८ नंबर ३ मिमी, ६ नंबर ४ मिमी. ११ नंबरचे एका ग्रॅममध्ये शंभरेक मणी बसतात, म्हणून अर्धा किलो घेऊन ठेवू नका, मी ठेवलाय, अजून संपत नाही.

घेताना दोन गोष्टी करा. ओल्या पांढऱ्या रुमालावर मणी घासून बघा, रंग लागला तर तोच रंग घामाने गळ्याला लागणार, आणि आपल्याकडे घाम काय फक्त मे महिन्यात येतो असं नाही. दुसरं, भोकाची कड बघा. एक दोरा मण्यातून दहा वेळा मागेपुढे ओढायचा, पिसं निघाली तर कड धारदार आहे. लांबट नळीचे मणी यात सगळ्यात वाईट, ते दोरा कापतातच, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना एक एक बारीक गोल मणी घालायचा.

फुकटचे मणीही आहेत. कसईचे मणी, ओहोळाच्या कडेला, पाणथळ जागी उगवणारं ते मक्यासारखं गवत असतं ना, त्याचे राखाडी चकचकीत थेंबासारखे दाणे, मधली काडी ओढून काढली की भोक आपोआप तयार. मला ते काचेपेक्षा आवडतात. पण गुंज मात्र नको. लाल-काळी, दिसायला सुंदर, पण भोक पाडायला गेलात की वरचं कवच फुटतं आणि आतलं बी जहाल विषारी असतं, भुकटी नाकातोंडात गेली तर महागात पडेल. घरात लहान पोर असेल तर गुंजांची तयार माळही नको. आणि किनाऱ्यावरचे शंखशिंपले सरसकट गोळा करून भोकं पाडत बसू नका, काही जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या घ्या की, त्या घरोघरी आहेत.

हत्यारं म्हणजे लांब नाकाची पक्कड, चपटी पक्कड, कटर, मोजायची टेप, मण्यांची बारीक सुई. मणी मांडायला तो खाचांचा बोर्ड मिळतो पण मी सुपात जुना टर्किश टॉवेल अंथरते. टॉवेलवर मणी घरंगळत नाही, उठावं लागलं तर सूप उचलून कपाटावर ठेवता येतं, मांजर असलेल्या घरात हे फार महत्त्वाचं.

आता माप. गळ्याबरोबर बसणारी १४ ते १६ इंच, गळ्याच्या हाडाखाली येणारी १८ इंच, साडीवर लांब हवी तर २४ ते ३०. १८ इंची माळेला ८ मिमीचे साधारण ५७ मणी लागतात, ६ मिमीचे ७६. यातला इंचभर हूक आणि कड्या खातात, तेवढे दोन-चार मणी कमी. हाताचं माप घेताना मनगटाला टेप लावून वर अर्धा ते एक इंच सोडा, आणि मणी जाड असेल तर इंचाच्या खाली जाऊच नका कारण जाड मणी आतली जागा खातो. ६ इंचाच्या मनगटाला ८ मिमीचे मणी ७ इंच भरायचे, म्हणजे २२. (चवथीचा हिशोब बरोबर होता, गोंद चुकला.)

ब्रेसलेटपासून सुरू करा. इलॅस्टिक १० ते १२ इंच कापा आणि ओवायच्या आधी दोन्ही हातांनी चार-पाच वेळा चांगलं ताणून घ्या, नाहीतर घातल्यावर दोन दिवसांत सैल होऊन मण्यांमधून दोरा दिसायला लागतो. एका टोकाला कपड्याचा चिमटा लावून मणी ओवा, शेवटचा मणी मोठ्या भोकाचा घ्या. मग गाठ: दोन टोकं एकमेकांवरून नेहमीसारखी एकदा काढायची तिथे दोनदा काढायची, ओढायचं, परत उलट बाजूने दोनदा, परत ओढायचं. गाठ बसताना बोटाला कळतं, ती चपटी होऊन घट्ट बसते. टोकं अगदी मुळाशी कापू नका, २-३ मिमी ठेवा आणि गाठ त्या मोठ्या भोकाच्या मण्यात खेचून लपवा. गोंद लावायचाच असेल तर दागिन्यांसाठी मिळतो तो, सुकल्यावरही मऊ राहणारा. नाही मिळाला तर काही नको, गाठ नीट असेल तर टिकते.

गळ्यातली माळ, गिअर वायरवरची. माळेच्या लांबीपेक्षा ६ इंच जास्त वायर घ्या. ओवायला घाई करू नका, आधी सगळी माळ टॉवेलवर मांडा आणि मांडताना मधून सुरुवात करा, पेंडंट किंवा मोठा मणी मध्ये, मग डावीकडे एक उजवीकडे एक. एका टोकापासून ओवत गेलात तर पेंडंट हमखास एका बाजूला येतं, आणि ते कळतं आरशासमोर उभं राहिल्यावर.

मग टोक बांधायचं, सगळा जीव इथे आहे. वायरमध्ये गिअर लॉक घाला, तो पिटुकला पोकळ मणी, मग हुकाची कडी, मग वायर परत फिरवून त्याच लॉकमधून मागे आणा. कडीभोवती वायरचा फास छोटा पण मोकळा ठेवा, कडी त्यात हलली पाहिजे, आवळून टाकलात तर कडी हलताना वायर तिथेच घासून तुटेल. आता चपट्या पकडीने लॉक दाबा. तो पत्र्यासारखा चपटा झाला पाहिजे पण चिरता कामा नये, चिरला तर मन मारून तोडा आणि दुसरा घाला. दाबून झालं की जोरात ओढून बघा. खरंच जोरात, कोणी लहान मूल माळ धरून लोंबकळेल तेवढं. सुटणार असेल तर ते आत्ता सुटू दे. उरलेलं शेपूट दोन-तीन मण्यांतून मागे सरकवा आणि तिथे कापा, लॉकजवळ कापलंत तर ते मानेला टोचतं आणि दिवसभर हात मागे जातो.

दुसरं टोक बंद करण्याआधी माळ गोल वळवून बघा. सरळ ठेवून घट्ट ओढून बंद केली तर गळ्यात ती माळ वाटत नाही, तारेचं कडं वाटतं, मणी एकमेकांवर दाबून उभे राहतात. २-३ मिमी मोकळं सोडा. फार सोडलंत तर वायर दिसते. हा अंदाज तिसऱ्या-चौथ्या माळेला येतो, पहिली माझीपण ताठ झालेली, ती मी अजून ठेवलीय.

आणि ती जंप रिंग, छोटी गोल कडी, ती दोन्ही टोकं बाहेर ओढून उघडायची नाही, आकार बिघडतो आणि परत कधी नीट मिटत नाही. दोन पकडींनी दोन टोकं धरायची, एक आपल्याकडे एक पलीकडे, दरवाजा ढकलल्यासारखं. मिटताना तसंच उलट, आणि किंचित पुढे नेऊन परत आणायची म्हणजे टक्‌कन बसते. नखाने फट तपासा, दोरा जाईल एवढी फटसुद्धा पुरते माळ पडायला.

मोत्यांची माळ करणार असाल तर प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारा. वेळ खूप जातो, पण माळ तुटली तर एकच मोती पडतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. दोरा माळेच्या चौपट घ्या, गाठी दोरा खातात. गाठीचा फास सैल ठेवून त्यात दाभण किंवा सेफ्टी पिन घालायची, तिने तो फास मोत्याच्या अंगाला भिडवत न्यायचा आणि पिन काढता काढता ओढायचा. माझ्या आईचं बघून मला हे सोपं गेलं, तिने कधी मोती ओवले नाहीत पण अबोलीची फाती, म्हणजे फुलांची माळ, करताना केळीच्या दोऱ्याला जो झटका देते ना प्रत्येक फुलानंतर, हात तोच. नाजूक काम नको वाटणाऱ्यांनी हे घेऊ नये, एवढंच सांगते.

बारीक मण्यांचं फुलांचं ब्रेसलेट पोरींना फार आवडतं. बारीक नायलॉन दोरा, ११ नंबरचे मणी. चार हिरवे ओवा, मग सहा पांढरे, ह्या पाकळ्या. आता सुई पहिल्या पांढऱ्यातून परत काढा, ज्या दिशेने पहिल्यांदा गेली त्याच दिशेने, ओढलं की सहांचं कडं होतं. एक पिवळा घ्या, तो मध्ये बसवा आणि सुई समोरच्या चौथ्या पाकळीत घाला, पाचवीच्या बाजूने आत आणि तिसरीच्या बाजूने बाहेर. ओढा, पिवळा बरोबर मध्ये येऊन बसतो. परत चार हिरवे, परत फूल. पिवळा बाहेर डोकावत असेल तर तो मोठा आहे, ८ नंबरचा चुकून आला असेल, किंवा पांढरे मणी एकसारखे नाहीत. स्वस्त पाकिटात दहातला एखादा मणी वाकडा असतोच, तो बाजूला टाका, त्याला जबरदस्ती बसवू नका.

शेवटी आपल्या हवेचं. समुद्राची खार, घाम, वर जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर. साध्या पितळी हुकाला हिरवट चढतं, लोखंडी कड्यांना पहिल्याच पावसात गंज. हूक आणि कड्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, मागून दिसत पण नाहीत. पावसाळ्यात प्रत्येक माळ वेगळ्या झिप पिशवीत, आत नव्या पर्सबरोबर मिळते ती सिलिका जेलची पुडी टाकून. सेंट आधी मारा, माळ नंतर घाला, प्लास्टिकच्या मोत्यांचा मुलामा सेंटने सोलतो. आणि इलॅस्टिकची ब्रेसलेट दर वर्षी चवथीच्या आधी काढून एकदा ताणून बघा, दोरा पांढरट किंवा खरखरीत दिसला तर कापून नवीन घालायचं, वीस मिनिटांचं काम आहे. भाचीचं तेच २२ मण्यांचं ब्रेसलेट मी परत ओवून दिलं, चौरंगातला मणी पेंडंटसारखा मध्ये घालून, यंदा अजून तरी हातात आहे.