दंडातल्या काडीबद्दल या चुका टाळा

“ताई, काडीतलं औषध संपलं वाटतं.” धायरीहून धाकट्या जावेचा फोन. दंडात कातडीखाली बसवतात ती गर्भनिरोधक काडी, म्हणजे इम्प्लांट, बसवून आठ महिने झालेले आणि तीन आठवडे थोडं थोडं अंगावरून जात होतं. त्यावर बाईसाहेबांनी उपाय काढला होता: दंडावर काडी जिथे बोटाला लागते तिथे रोज रात्री तेल लावून चोळायचं, म्हणजे औषध सुटेल!

काडी म्हणजे टूथपेस्टची ट्यूब नव्हे. ४ सेंटीमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. आतल्या प्लास्टिकमध्येच ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे हार्मोन मुरवलेलं आणि वरून पातळ आवरण. कुंभारवेशीतला माठ जसा पाझरतो तसं औषध या आवरणातून झिरपत राहतं. चोळून त्याचा वेग वाढत नाही.

झिरपणं रोज सारखं नसतं, हे मात्र खरं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दिवसाला ६० ते ७० मायक्रोग्रॅम, पहिल्या वर्षाअखेर ३५ ते ४५, तिसऱ्या वर्षाअखेर २५ ते ३०. पण बीजांड बाहेर पडू न द्यायला तेवढंही पुरतं. तीन वर्षांनी काडी काढतात तेव्हासुद्धा तिच्यात औषध शिल्लक असतं. म्हणून काय आपल्या मनानं मुदत वाढवायची नाही. काडी बसवताना मिळालेल्या कार्डावरची तारीख पाळा.

मग रक्तस्राव कशामुळे? औषध संपल्यामुळे नाही, ते सतत मिळत असल्यामुळे. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं आणि अवेळी, थोडं थोडं सुटतं. काहींची पाळी बंदच होते. तेव्हा “आत घाण साचत असेल” असं शेजारीण सांगते. अस्तरच वाढत नाही, साचणार काय? तरी तीन आठवडे अंगावर काढायचं नसतं. गर्भ किंवा जंतुसंसर्ग तर नाही ना, हे बघावंच लागतं.

जिथे खरंच फसगत होते ते कुणी विचारत नाही. टीबीची रिफाम्पिसिन, फिट्सची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू असेल, तर काडी नेहमीसारखीच झिरपते, पण यकृत ते हार्मोन भराभर मोडून टाकतं. रक्तात पुरेसं उरत नाही. गोळ्या बंद केल्यावरही हा परिणाम साधारण चार आठवडे रेंगाळतो. तेव्हा कोणत्याही डॉक्टरकडे जा, दंडात काडी आहे हे आधी सांगा. सर्दी-खोकल्याच्या नेहमीच्या अँटिबायोटिकनं असं होत नाही.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत बसवली नसेल, तर पुढचे सात दिवस कंडोम वापरा.

बोटाला लागत नाही म्हणजे विरघळली, असंही नाही. ती विरघळणारी नाहीच. खोल गेली असेल तर सोनोग्राफीत शोधतात. हल्लीच्या काडीत बेरियम असल्यामुळे एक्स-रेमध्येही दिसते. सापडेपर्यंत दुसरं साधन वापरा.

आणि काढल्यावर “असर उतरायला सहा महिने” वगैरे काही नसतं. आठवडाभरात हार्मोन रक्तातून जातं, त्यामुळे लगेच दिवस राहू शकतात.

जावेची काडी जागच्या जागी होती, तपासणीतही काही निघालं नाही. तेलाची बाटली आता सासूबाईंच्या गुडघ्यांकडे गेली आहे.