जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल गळतंय? आधी इंजिन धुवा
ऑइल टपकतं तिथूनच गळतं असं नाही. वरून ओघळत ते चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) नटापर्यंत येतं. त्यावर काळ्या मातीची धूळ अन् कापसाचे तंतू बसले, की मिस्त्रीलाही काही दिसत नाही. थंड इंजिन डिझेल अन् ब्रशने धुवा, कोरडं पुसा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. थोडा वेळ चालवून बंद करा. पावडर सगळ्यात वर जिथं ओली झाली, तीच जागा. बरेचदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंगच गेलेलं असतं. नट आवळत सुटू नका, पत्र्याचं कव्हर वाकतं, पॅकिंग बदला. इंजिनच्या मागच्या सीलसाठी (ऑइल अडवणाऱ्या कड्यासाठी) ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो, मोठा खर्च! त्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारा मार्ग, साफ कराच. तो तुंबला तर आतल्या दाबानं नवं सीलही गळतं.