स्टीपलचेस: आधी बांबू, मग पाणी

आमच्या मैदानावर पोरं येतात ती भरतीच्या सोळाशे मीटरसाठी. मग एखाद्याला मोबाइलवर अविनाश साबळे दिसतो आणि दुसऱ्या दिवशी, "सर, मला स्टीपलचेस करायचीय."

कर की, पण लगेच नाही. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची तीन हजार मीटरची शर्यत. साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये, ५ महार बटालियनमध्ये गेला, फौजेत क्रॉस कंट्री पळला आणि २०१७ ला स्टीपलचेसकडे वळला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तर आधी मुंबई मॅरेथॉन गाजवून मग इकडे आली. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत दहावी होती. म्हणून माझा नियम: शेतरस्त्यानं पाऊण तास गप्पा मारत पळता येत नसेल, तर अडथळ्याला हात लावायचा नाही.

अडथळा पोरांसाठी ९१.४ सेंमी, पोरींसाठी ७६.२. हर्डल्सच्या शर्यतीतलं हर्डल पाय लागला की पडतं, हा पडत नाही. पाडतो. माझ्या नडगीवर खूण आहे अजून. त्यामुळे सुरुवात विटांच्या दोन थप्प्यांवर नुसत्या ठेवलेल्या बांबूनं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. साधारण ऐंशी मीटरवर एक. एक फेरी उजवा पाय पुढे टाकून, दुसरी डावा. पावलं मोजायची नाहीत, कारण घोळक्यात मोजलेली पावलं जुळतच नाहीत.

आता तुम्ही बांबूपाशी उभं राहा आणि डोळे मिटून ऐका. अडथळ्याआधी टपटपटप असा बारीक आवाज आला, तर पोरगं बिचकलंय. बांबूच्या दहा मीटर आधी फक्कीची रेघ मारा आणि सांगा, इथून वेग वाढला पाहिजे. दोन आखूड पावलांनी काय होतं, असं कोणी विचारलं तर २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा सांगतो. साबळे ८:११.२० पळला, केनियाचा अब्राहम किबिवोट ०.०५ सेकंदानं पुढे. रौप्य.

शर्यतीत असे २८ अडथळे, शिवाय सात वेळा पाणी. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याला लागून सगळ्यात खोल, पुढे चढत चढत जमिनीला मिळतो. म्हणजे जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. हे आधी लांब उडीच्या वाळूत शिकवा. खड्ड्याच्या काठावर जड, न हलणारी लाकडी पेटी ठेवा. पायाचा मधला भाग पेटीच्या कडेवर, गुडघा वाकलेला, अंग खाली. वर ताठ उभं राहिलं की माणूस सरळ खाली येतो, तोही खोल पाण्यात. ढकलायचं ते पुढे. नजर पाण्यात नको, समोरच्या ट्रॅकवर हवी. एक पाय पाण्यात, दुसरा लगेच बाहेर.

आठवड्यातून दोनदा पुरे, तेही पोरगं थकायच्या आधी. आणि ओले बूट उन्हात टाकू नका, तळ सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबून रात्रभर सावलीत ठेवा.