स्फटिकाच्या भट्टीला वायर एकसारखी गुंडाळू नका

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. हीटर गुंडाळण्यात तीस वर्षं गेली, बहुतेक काम फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटवाल्यांचं. त्यांना पाच-दहा अंश इकडंतिकडं चालतं. मग एक दिवस पीएचडी करणारी एक पोरगी आली. "काका, पोटॅशियम क्लोराइडचा एकच अखंड स्फटिक वाढवायचाय." म्हणजे आपण उसाला घालतो ते पोटॅशच की. म्हटलं, त्यात काय एवढं! आणि तिथंच फसलो.

पहिली भट्टी मी फार टापटीप केली. साडेचारशे मिलिमीटर लांबीवर सगळे वेढे एकसारखे, केसभर फरक नाही. चालू केली तर मधे ८०० अंश आणि टोकापासून दहा सेंटिमीटरवर ७४०. पोटॅश वितळतं ७७० ला. म्हणजे मुशीत, पोटॅश ठेवायच्या भांड्यात, एक भाग पाणी, दुसरा दगड.

कारण साधं आहे. मधल्या वेढ्याच्या दोन्ही बाजूंना गरम शेजारी असतात. टोकाच्या वेढ्याला एका बाजूला शेजारी आणि दुसऱ्या बाजूला उघडं तोंड. तिथून उष्णता सतत पळते. वायर एकसारखी गुंडाळली की तापमान सारखं येतं हा समज डोक्यातून काढा. जिथं गळती जास्त तिथं वेढे दाट, एवढंच सूत्र.

आता दुसऱ्या भट्टीचा हिशोब सांगतो, तुमच्या मापाने बदलून घ्या. सिरॅमिक ट्यूब बाहेरून ६० मिमी, आतून ५०. तिच्यावर गुंडाळायची वायर कँथल ए-१ (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची हीटरची तार), जाडी १.२ मिमी. तिचा रोध मीटरला सुमारे १.२८ ओहम. दोन्ही टोकांचे शंभर-शंभर मिमी २.५ मिमीच्या पिचने (म्हणजे एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंतचं अंतर), प्रत्येकी ४० वेढे. मधले २५० मिमी ४ च्या पिचने, ६२ वेढे. हे दोन आकडे मुद्दाम घेतलेत, कारण दोन्ही पिच लेथच्या गिअरबॉक्सवर तयार मिळतात. एकूण १४२ वेढे, वायर साधारण २७.३ मीटर, थंड असताना ३५ ओहम. तापल्यावर कँथलचा रोध चारेक टक्केच वाढतो, म्हणून २३० व्होल्टला सुमारे १४५० वॅट. टोकाला दर मिलिमीटरला मधल्यापेक्षा १.६ पट वॅट पडतात.

एवढ्यावर थांबू नका, वायरीच्या पृष्ठभागावरचा भारही काढा. वॅट भागिले वायरीचं बाहेरचं क्षेत्रफळ. इथं तो चौरस सेंटिमीटरला १.४ वॅट येतो, म्हणजे वायर निवांत आहे. एक मिमीची वायर घेऊन तेवढेच वॅट काढायला गेलात तर हा भार पावणेदोन पटीच्या आसपास जातो. सिमेंटमध्ये गाडलेली वायर असं फार दिवस सोसत नाही. आणि दाट म्हणजे किती दाट? दोन वेढ्यांत किमान एका वायरीइतकी फट हवीच.

वायरीवर लिंपायचं सिमेंट ॲल्युमिनाचं (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं) घ्या. सोडियम सिलिकेटवालं स्वस्त मिळतं, पण ते कँथलला खातं. वायरीची भट्टीबाहेर येणारी टोकं त्याच वायरीने दुहेरी पिळा, म्हणजे ती थंड राहतात आणि टर्मिनल जळत नाही. मग भट्टी रिकामीच १०५० पर्यंत नेऊन सात-आठ तास ठेवा, वायरीवर ॲल्युमिनाचा थर बसतो. त्यानंतर मात्र वायर ठिसूळ होते. थंड कॉइल वाकवायला गेलात तर शेवयीसारखी तुटेल.

बाहेरून सिरॅमिक ब्लँकेट सढळ हाताने भरा. आमच्याकडं हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवात ठेवायची रीत. बाहेर ऊन असो की थंडी, पेवाच्या पोटात फरक पोचत नाही. भट्टीचं पोट तसंच हवं.

भट्टी उभी असेल तर आणखी एक भानगड. गरम हवा वर चढते आणि ट्यूबची चिमणी होते. माझ्या भट्टीत वरचं टोक खालच्यापेक्षा चौदा अंशांनी गरम निघालं. मी वेढे बदलायला निघालो होतो, पण पोरगीच म्हणाली, "आधी तोंडं तर बंद करा." वर-खाली सिरॅमिक वूलची बुचं बसवली, मूस धरणाऱ्या सळईपुरतं भोक ठेवलं, चौदाचे चार झाले. म्हणून मोजमाप नेहमी बुचं लावून, आत मुशीच्या जागी ॲल्युमिना पावडर भरलेली डमी ठेवून करा. रिकाम्या भट्टीचा तापमानाचा आलेख काही कामाचा नाही.

मोजायला एकच थर्मोकपल (तापमान मोजायची दोन धातूंच्या तारांची जोडी) वापरा आणि तेच वीस-वीस मिमी सरकवा. दर ठिकाणी दहा मिनिटं थांबा. बाजारातली दोन के टाइप थर्मोकपलं ८०० ला शेजारी ठेवलीत तरी पाच-सहा अंशांचा फरक दाखवू शकतात, आणि तो नियमात बसतो. मग तुम्ही भट्टी मोजताय की थर्मोकपल?

उरलेल्या फरकासाठी वायर सोडवत बसू नका. मधल्या भागाच्या दोन्ही कडांना आधीच टॅप, म्हणजे वायरीला जोडून बाहेर आणलेली टोकं, काढून ठेवा. मधला भाग अजून गरम असेल तर त्या टॅपवर बाहेरून १५० ओहम, १०० वॅटचा रेझिस्टर समांतर जोडा. टोकांच्या तुलनेत मधले वॅट साधारण १८ टक्क्यांनी उतरतात. स्वस्तातला उपाय आहे.

सपाट पट्टा, म्हणजे एकसारख्या तापमानाचा भाग, मिळाला म्हणजे स्फटिक झाला असं नाही. १९२५ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ब्रिजमनने मांडलेल्या पद्धतीत मूस गरम भागातून थंड भागात हळूहळू उतरवतात. त्यामुळं अशा दोन कॉइल एकावर एक हव्यात: वरची ८०० ला, खालची ७२० ला. मधे २५ मिमी जाड सिरॅमिक बोर्डाची चकती, मुशीपुरतं भोक पाडलेली. दोन्हीकडं सपाटी आणि उतार फक्त त्या चकतीपाशी. दोन्ही कॉइलना वेगळा कंट्रोलर आणि वेगळं थर्मोकपल द्या.

वीज चालू-बंद करायला कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) नको. तो टकटक करत बंद-चालू होतो आणि प्रत्येक टक स्फटिकात उमटते. थायरिस्टर बसवा, तो इलेक्ट्रॉनिक असतो आणि वॅट हळूहळू कमी-जास्त करतो, आणि त्याआधी स्टॅबिलायझर. आमच्याकडं शेतीपंपांची पाळी सुरू झाली की व्होल्टेज २१० वर येतं, म्हणजे वॅट एकदम १७ टक्के कमी. तासाला दीड मिमी उतरवताना सहा सेंटिमीटरच्या स्फटिकाला चाळीस तास लागतात. तेवढ्या वेळात किती पाळ्या येतील ते मोजा.

तिचा पहिला चांगला स्फटिक ती शेडवर दाखवायला घेऊन आली. ब्लेड टेकवून हलकं ठोकलं आणि चौकोनी, आरशासारखी फाक सुटली. फाक उजेडात धरली तर वरून तिसऱ्या हिश्शाला एक धुरकट रेघ. तिने वहीत बघितलं: पहाटे तीन वाजता वीज गेली होती, अकरा मिनिटं. आता पॅनलशेजारी इन्व्हर्टर ठेवलाय.