मॅरेथॉनच्या सरावात इंटरव्हल धाव कशी घ्यावी

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर संथ गतीच्या सरावावरही पूर्ण होतात. परंतु वेळ कमी करायची असेल, तर आठवड्यातून एकदा इंटरव्हल धाव (ठरावीक अंतर वेगाने धावणे, मध्ये दम घेणे आणि पुन्हा तसेच धावणे) घ्यावी. हिच्यामुळे शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हा सराव सूर्योदयापूर्वीच उरकावा. जागा सपाट निवडावी. काळ्या मातीच्या शेतरस्त्याला उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती बुटाच्या तळाला थरावर थर चिकटते, त्यामुळे क्रीडा संकुलाचे मैदान किंवा कालव्याकडेची पक्की वाट केव्हाही बरी.

प्रथम पंधरा मिनिटे हळू धावून अंग मोकळे करावे. त्यानंतर ८०० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या दोन फेऱ्या, दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येणार नाही इतक्या वेगाने धावावे आणि साधारण तेवढाच वेळ चालत किंवा रमतगमत धावत दम घ्यावा. सुरुवातीला अशा चार धावा पुरेशा आहेत. काही आठवड्यांत त्या सहापर्यंत न्याव्यात. पहिल्याच धावेत सगळी ताकद ओतण्याचा मोह आवरावा (मला तो आजही नीट आवरत नाही). चौथी धाव पहिलीपेक्षा बरीच मंदावली, तर आरंभीचा वेग चुकला असे समजावे.

नडगी किंवा टाचेच्या शिरेत कळ आली, तर उरलेल्या धावा तिथेच सोडून द्याव्यात. दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यावी किंवा अगदी हलके धावावे.