निकषांच्या यादीबाहेरची रसायने: नळाच्या पाण्याची चौकशी कशी करावी

पाणीपुरवठा यंत्रणेच्या वार्षिक अहवालात ‘सर्व निकषांची पूर्तता’ असे लिहिलेले असते, तेव्हा ज्या घटकांची मर्यादा ठरवून दिलेली आहे ते मर्यादेच्या आत सापडले, एवढाच त्याचा अर्थ असतो. यादीबाहेरच्या रसायनाची बहुधा तपासणीच झालेली नसते. म्हणून अहवाल हाती घेतल्यावर आधी निकालांकडे न वळता तपासलेल्या घटकांची यादी वाचावी आणि त्यात कोणती औद्योगिक रसायने आहेत, कोणती नाहीत, हे टिपून ठेवावे.

त्यानंतर पाण्याचा उगम शोधावा. पाणी नदीचे असेल तर उपसा जिथे होतो त्या जागेच्या वरच्या अंगाला कोणते कारखाने, रासायनिक साठ्याच्या टाक्या आणि सांडपाण्याची तोंडे आहेत, ते नकाशावर मांडावे. पाणी भूगर्भातले असेल तर जुने कचऱ्याचे डेपो, विमानतळ आणि अग्निशमन प्रशिक्षणाची मैदाने यांकडेही लक्ष द्यावे, कारण आग विझवण्याच्या विशिष्ट फेसात पीएफएएस गटातील (फ्लोरिनयुक्त, सहजासहजी न विघटणारी) रसायने वर्षानुवर्षे वापरली गेली आहेत. कारखान्यांना मिळालेले सांडपाण्याचे परवाने अनेक ठिकाणी मागितल्यावर पाहायला मिळतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. काय शोधायचे ते ठरल्याशिवाय प्रयोगशाळा काही शोधून देत नाही.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ९ जानेवारी २०१४ रोजी एल्क नदीत एमसीएचएम हे कोळसा धुण्यासाठी वापरले जाणारे रसायन एका टाकीतून गळाले. चार्ल्स्टन शहराचा पाणी उपसा तिथून सुमारे अडीच किलोमीटर खाली होता. नळाच्या पाण्याला ज्येष्ठमधासारखा वास येऊ लागला आणि सुमारे ३ लाख लोकांना हे पाणी संडासात ओतण्यापलीकडे किंवा आग विझवण्यापलीकडे कशालाही वापरू नका, असे सांगावे लागले. या रसायनासाठी पिण्याच्या पाण्याचा निकषच नव्हता. अपुऱ्या माहितीच्या आधारे १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) ही कामचलाऊ पातळी ऐनवेळी ठरवली गेली. टाकी उपशाच्या वरच होती, म्हणजे नकाशावर ती आधीही दिसली असती.

संशयित रसायनांची यादी तयार झाली की पाणीपुरवठा यंत्रणेला लेखी विचारावे. ‘पाणी सुरक्षित आहे का?’ असे विचारले तर ‘होय’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी अमुक रसायनाची तपासणी शेवटची कधी झाली, नमुना कुठून घेतला, कोणती पद्धत वापरली आणि किती कमी प्रमाणापर्यंत ती पद्धत पाहू शकते, असे नेमके प्रश्न लिहावेत आणि शक्य तिथे रसायनाचा सीएएस क्रमांकही (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) द्यावा, कारण एकाच पदार्थाला चार-चार व्यापारी नावे असतात. एका रसायनावर न थांबता त्याच्या सबंध कुळाबद्दल विचारणे शहाणपणाचे ठरते: पीएफएएस गटातलेच पीएफओए वापरातून हटू लागल्यावर त्याच्या जागी त्याच गटातले जेनएक्स आले आणि तेही नॉर्थ कॅरोलिनातील केप फिअर नदीच्या पाण्यात सापडले. निकष नसलेल्या रसायनांची तपासणी सक्तीने करून घेण्याची व्यवस्था काही देशांत आहे. अमेरिकेत दर पाच वर्षांनी अशी एक फेरी होते आणि २०२३ ते २०२५ च्या फेरीत २९ पीएफएएस रसायने व लिथियम यांचा समावेश होता. असे निकाल असतील तर ते आवर्जून मागावेत.

स्वतः तपासणी करून घ्यायची असेल तर त्या विशिष्ट रसायनासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी. घरगुती चाचणीच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या इथे निरुपयोगी आहेत. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्याव्यात. पीएफएएससाठी नमुना घेताना टेफ्लॉनच्या वस्तू, जलरोधक कपडे आणि हाताला लावलेली क्रीम यांचा संपर्क टाळावा, नमुना थंड ठेवून वेळेत पोहोचवावा आणि सोबत रसायनमुक्त पाण्याचा एक कोरा नमुनाही पाठवावा. दूषितता बाटलीतून आली की नळातून, हा वाद त्यामुळे उद्भवत नाही.

निकाल वाचताना बहुतेकांची गफलत एककात होते. १ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. समजा अहवालात पीएफओए ‘आढळले नाही’ असे आहे आणि खाली बारीक अक्षरात नोंदणीची मर्यादा (ज्याच्या खालचे प्रमाण प्रयोगशाळा नोंदवत नाही) लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम अशी दिली आहे. याचा अर्थ पाण्यात ६० नॅनोग्रॅम असले तरी अहवालात काहीच दिसणार नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी ठरवलेली मर्यादा मात्र लिटरला ४ नॅनोग्रॅम आहे. म्हणून ‘आढळले नाही’ या शब्दांशेजारचा आकडा पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. तुलनेसाठी स्वतःच्या देशात निकष नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्ये किंवा युरोपीय संघाचा २० पीएफएएस रसायनांच्या बेरजेसाठीचा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम हा निकष वापरता येतो.

प्रमाण जास्त निघाले तर पाणी उकळत बसू नये. उकळल्याने जंतू मरतात. पीएफएएस मात्र तसेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट किंचित वाढते. सक्रिय कार्बनचा फिल्टर लांब साखळीचे (ज्यांच्या रेणूत कार्बन अणूंची साखळी लांब असते ते) पीएफएएस चांगले धरून ठेवतो; आखूड साखळीचे लवकर निसटतात आणि कार्बन भरून गेल्यावर सगळेच निसटू लागतात, त्यामुळे फिल्टरचे काडतूस (कार्ट्रिज) ठरलेल्या वेळी बदलावेच लागते. आरओ यंत्र पीएफएएससाठी अधिक भरवशाचे आहे. १,४-डायऑक्सेन हे औद्योगिक द्रावक मात्र पाण्यात पूर्ण मिसळते, कार्बनला फारसे चिकटत नाही आणि साध्या आरओमधूनही काही प्रमाणात पार होते. ते काढण्यासाठी अतिनील किरण व हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी प्रक्रिया लागते आणि ती शुद्धीकरण केंद्रातच जमते. यंत्र घेताना ‘९९ टक्के शुद्ध’ या जाहिरातीवर न जाता तुमच्या रसायनासाठी त्याची स्वतंत्र चाचणी झाली आहे का, ते पाहावे. पिण्याच्या, स्वयंपाकाच्या आणि तान्ह्या बाळाचे दूध कालवण्याच्या पाण्यासाठी ते आधी लावावे.

एका घराचा एक निकाल यंत्रणा सहज नाकारू शकते. म्हणून शक्य असेल तर एकाच जलवाहिनीवरच्या निरनिराळ्या ठिकाणांचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत आणि यंत्रणेच्या प्रतिनिधीलाही त्याच वेळी त्याच नळातून आपला नमुना भरून घ्यायला बोलवावे. मग दोन्ही अहवाल, नोंदणीच्या मर्यादांसह, एकाच अर्जाला जोडून नियामक विभागाकडे द्यावेत आणि त्यात तीन मागण्या कराव्यात: शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची या रसायनासाठी दर तिमाहीस तपासणी, वरच्या अंगाच्या कारखान्याच्या परवान्यात त्याची नोंद, आणि दोन्हींचे निकाल जाहीर करण्याची तारीख.